जखम पाहावी, जखम लिहावी

(गडचांदूर येथे विश्वकर्मा जयंतीनिमित्त श्रमिक बंधू-भगिनी व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विश्वकर्म्याच्या पूजेला हत्यारे मांडली जातात. हातोडा, पाना, छिन्नी धुऊन-पुसून त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. साधनाला देवत्व देणारी ही परंपरा जगात दुर्मीळ आहे. परंतु हत्यार पुजताना ते धरणाऱ्या हाताकडे लक्ष जाते का, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारायला हवा. हात शाबूत असेल तर पूजा सार्थ. हात जायबंदी होऊन घरी बसला असेल आणि त्याची दखल कोणी घेतली नसेल, तर पूजेतील फुले केवळ शोभेची ठरतात.

माणिकगडच्या डोंगररांगांच्या कुशीतील गडचांदूरला श्रमाची महती वेगळी सांगण्याची गरज नाही. सिमेंटची धूळ, चुनखडीच्या खाणीतील सुरुंग आणि जिल्ह्यातील कोळशाच्या खाणी यांच्याशी येथील घरांची मीठभाकरी जोडलेली आहे. याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आयुधनिर्माणी आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाने देशाचे डोळे उघडले आणि दारूगोळ्याच्या बाबतीत परावलंबी राहायचे नाही, असा निश्चय झाला. भद्रावतीचा कारखाना हे त्या साठच्या दशकातील निश्चयाचे फळ. सीमेवरचा जवान चाप ओढतो, तेव्हा त्या गोळीमागे गणवेश नसलेल्या शेकडो हातांचे श्रम असतात. त्या हातांना काय सोसावे लागते आणि सोसल्यावर त्यांचे काय होते, हा आजचा विषय आहे.

गणवेशाविना सैनिक

संरक्षण खात्यात काम करणारा मुलकी कर्मचारी हा विलक्षण स्थितीत असतो. तो सैनिक नाही; त्याला ना पदक, ना मानवंदना. पण त्याचे काम साध्या कारखान्यातलेही नाही. स्फोटके हाताळणाऱ्या इमारतीत काम करणाऱ्याच्या पदाचे नावच मुळी ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ असे आहे. पदनामातच धोका लिहिलेला असतो. घरून डबा घेऊन निघालेला माणूस तो धोका रोज सही करून स्वीकारतो.

विदर्भाने हा धोका जवळून पाहिला आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात लष्करी अधिकाऱ्यांबरोबर आगीच्या तोंडी गेलेले अग्निशामक कर्मचारीही प्राणास मुकले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत ठेकेदाराकडे रोजीने काम करणारे मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत स्फोटाने इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगारांचा मृत्यू झाल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले.

अशा वेळी सारा समाज हळहळतो. मंत्री येतात, मदत जाहीर होते, श्रद्धांजलीच्या सभा होतात. हे व्हायलाच हवे. परंतु मोठ्या स्फोटाची नोंद करायला कोणाला सांगावे लागत नाही. तो स्वतःच आपली नोंद करतो. खरा प्रश्न आहे तो बोट चिरडलेल्या, पाठ भरलेल्या, कान बधिर झालेल्या, काविळीने पिवळ्या पडलेल्या माणसाचा. त्याचा आवाज होत नाही. त्याची नोंद कोणीतरी करावी लागते, आणि नेमकी तिथेच चूक होते.

शिवछत्रपतींचा दंडक

जखमी सेवकाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न पाश्चात्त्य कायद्यांनी प्रथम विचारला, असा एक गैरसमज सुशिक्षितांमध्ये आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत, आणि राजाच्या कामात मृत्यू पावलेल्याच्या बायकामुलांना अन्न व वेतन द्यावे असा दंडकही घालून दिला आहे. ती दया नाही, तो राज्याच्या खर्चाच्या हिशेबातला भाग आहे.

महाराष्ट्राला तर याहून जवळचे उदाहरण आहे. १६५९ मध्ये अफझलखानाचे पारिपत्य झाल्यानंतर महाराजांनी काय केले, ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. कामी आलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसेल तर विधवेला निम्मे वेतन चालू केले आणि जखमींना प्रत्येकाची जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. ‘जखम पाहून’ या दोन शब्दांत सारे शास्त्र सामावले आहे. सरसकट खिरापत वाटली नाही आणि कोणाला विसरलेही नाही. प्रत्येक जखमी माणूस कोणाच्या तरी समोर आला, त्याची जखम पाहिली गेली, तिची प्रत ठरली, ती लिहिली गेली आणि त्याप्रमाणे रक्कम हाती पडली. आजचा नुकसानभरपाईचा कायदा अपंगत्वाची टक्केवारी ठरवतो, तेव्हा तो याहून वेगळे काही करत नाही.

जखम लपवली का जाते?

मग अडचण कुठे आहे? कायदा नाही म्हणून नव्हे. जखम समोर येत नाही म्हणून.

एखाद्या कामगाराची कल्पना करावी. पेटी उचलताना त्याच्या पाठीत उसण भरते. आयुधनिर्माणीत उक्त्या कामाची, म्हणजे पीसवर्कची पद्धत रुजलेली आहे. दुखापत सांगितली तर हलके काम मिळेल, पण त्याबरोबर उक्त्या कामाची आणि जादा वेळेची कमाई जाईल. मुलीचे महाविद्यालयाचे शुल्क भरायचे आहे. तो मलम लावतो आणि गप्प बसतो. शेजारचा सहकारी म्हणतो, उगाच चौकशी मागे लागेल. वरिष्ठाला वाटते, आपल्या विभागाच्या फलकावर ‘अपघातविरहित दिवस’ मोजले जात आहेत, तो आकडा पुन्हा शून्यावर कशाला आणायचा? कोणाच्याच मनात पाप नसते. सगळ्यांचे थोडे थोडे भले व्हावे म्हणून सगळे मिळून एक असत्य उभे करतात. सहा महिन्यांनी मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा कागदावर त्या दिवशी काहीच घडलेले नसते. अपघात झालाच नाही, तर भरपाई कशाची?

यात आणखी एक युक्तिवाद डोकावतो आणि तो राष्ट्रभक्तीचा वेष घालून येतो. संरक्षणाचा कारखाना आहे, बाहेर बभ्रा नको, शत्रूला कळेल, कारखान्याची बदनामी होईल. गुप्तता ही संरक्षण उत्पादनाची गरज आहे, यात वाद नाही. कोणत्या इमारतीत काय भरले जाते, किती भरले जाते, हे बाहेर जाता कामा नये. पण माणसाची जखम हे गुपित नसते. ती कारखान्याच्या दवाखान्यात, कारखान्याच्या नोंदवहीत, कारखान्याच्या शिक्क्यानिशी लिहायची असते. तिच्यामुळे शत्रूला काही कळत नाही. ती लिहिली नाही तर मात्र आपल्यालाच काही कळत नाही.

इतिहासाने याचा दाखला दिलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत टीएनटी हाताळणाऱ्या स्त्रियांची त्वचा पिवळी पडे आणि काहींना जीवघेणी कावीळ होई. युद्ध ऐन भरात होते, तोफगोळ्यांची टंचाई होती. तरीही १९१६ मध्ये विषजन्य काविळीची प्रत्येक नोंद सरकारला कळवणे तेथे सक्तीचे झाले. नोंद झाली म्हणून कारण सापडले. विष श्वासाइतकेच त्वचेतून भिनते हे लक्षात आले. हवा खेळती झाली, कामाच्या पाळ्या बदलल्या, वैद्यकीय तपासणी नेमाने होऊ लागली आणि १९१८ पर्यंत रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली. युद्ध लढणाऱ्या राष्ट्राने जखम लिहून आपले बळ घटवले नाही, वाढवले.

संथपणे होणारा अपघात

दुखापतीपेक्षा आजाराची नोंद अधिक अवघड. बोट तुटते तो क्षण दिसतो. यकृत बिघडते त्याला तारीख नसते. स्फोटकांच्या कामात असे संथ अपघात अनेक आहेत. टीएनटीने रक्तक्षय होतो, यकृताला इजा होते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. प्रज्वलकांमध्ये शिशाची संयुगे असतात. शिसे हळूहळू हाडांत आणि मज्जातंतूंत उतरते. चाचणी मारा आणि यंत्रांच्या आवाजाने कान जातात.

नायट्रोग्लिसरीनची कथा तर ऐकण्यासारखी आहे. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात. सुटीनंतर सोमवारी कामावर आलेल्याचे डोके असह्य ठणकते. आठवडाभरात शरीराला सवय होते आणि दुखणे थांबते. पण रविवारी ती वाफ मिळत नाही, रक्तवाहिन्या आकसतात आणि धडधाकट तरुणाच्या छातीत कळ येऊ शकते. घरच्यांना वाटते, सुटीच्या दिवशी घरी दुखले म्हणजे त्याचा कामाशी संबंध काय? संबंध आहे. म्हणूनच डॉक्टरांपुढे पहिले वाक्य ‘छातीत दुखते’ असे असू नये. ‘अमुक विभागात, अमुक पदार्थावर, इतकी वर्षे काम करतो आणि छातीत दुखते’ असे असावे. सिमेंटच्या कारखान्यातील खोकला आणि खाणीतील दम यांनाही हेच लागू पडते. गडचांदूरच्या डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला ‘काम काय करता?’ असे विचारून उत्तर केसपेपरवर लिहिले, तरी अर्धी लढाई जिंकली जाईल.

कायद्याने हे ओळखले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सूचना देणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती यादी कायम राहिली. शिशाची विषबाधा, विषजन्य कावीळ, गोंगाटाने येणारे बहिरेपण, सिलिकोसिस हे सारे त्यात आहे. असा रोग दिसला तर मालकानेच नव्हे, तर तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचे असते.

हक्काचे चार दरवाजे

कार्यकर्त्याला भावनेबरोबर माहितीही हवी. कामगाराच्या दारी जाऊन केवळ ‘धीर धरा’ म्हणणारा कार्यकर्ता चांगला माणूस असेल, पण उपयोगी नसेल. संरक्षण खात्यातील मुलकी कर्मचाऱ्यापुढे मुख्यतः चार दरवाजे आहेत.

पहिला रजेचा. केंद्रीय रजा नियमांत २०१८ पासून ‘कामाशी निगडित आजार व दुखापत रजा’ आहे. कर्तव्य बजावताना झालेल्या वा त्यामुळे बळावलेल्या आजारात रुग्णालयातील संपूर्ण काळ पूर्ण वेतन मिळते. त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने अर्धे वेतन मिळते. कित्येक जण स्वतःची अर्जित रजा खर्च करून बरे होतात, कारण ही रजा मागायची असते हेच त्यांना ठाऊक नसते.

दुसरा निवृत्तिवेतनाचा. सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास असाधारण निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. १ जानेवारी २००४ पासून नियुक्त झालेले राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत आहेत. पण मृत्यू वा अपंगत्वाच्या प्रसंगी कोणते लाभ हवेत, याचा विकल्प त्यांनाही भरता येतो. तो भरला आहे का, हे घरातील कर्त्या माणसाने आज रात्रीच कागद काढून पाहावे. कर्तव्य बजावताना अपघाती मृत्यू झाल्यास सातव्या वेतन आयोगानंतर २५ लाख रुपयांच्या सानुग्रह रकमेचीही तरतूद आहे.

तिसरा भरपाईचा. १९२३ च्या कायद्याने सुरू झालेली कामगार भरपाईची वाट आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. घर ते कारखाना या प्रवासातील अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, तीत धरला जातो. ठेकेदाराच्या मजुराला मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘तू आमच्या हजेरीवर नाहीस’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

चौथा पुन्हा कामावर येण्याचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही वा त्याची पदावनती करू शकत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत वा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. हा चौथा दरवाजा सर्वांत महत्त्वाचा. माणसाला पैशाइतकीच आपण अजून उपयोगी आहोत या भावनेची गरज असते.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुधनिर्माणींची सात कंपन्यांत पुनर्रचना झाली. दारूगोळ्याचे कारखाने पुण्याला मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले आणि कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. त्यांच्या सेवाशर्ती केंद्रीय कर्मचाऱ्यांच्याच राहतील, असे सरकारने तेव्हा सांगितले. या शब्दाची कसोटी जखमी कामगाराच्या फायलीवरच लागते. फाईल ‘आता हे कंपनीचे’ आणि ‘अजून हे मंत्रालयाचे’ अशी दोन टेबलांमध्ये फिरत राहिली, तर शब्द पाळला गेला असे कोणी म्हणणार नाही.

या चारही दरवाजांना कुलूप एकच आणि त्याची किल्लीही एकच. ती किल्ली म्हणजे पहिल्या दिवसाची नोंद. वेळ, जागा, काय करत असताना घडले, कोण जवळ होते, कोणत्या अवयवाला इजा झाली. ही पाच उत्तरे त्याच पाळीत लिहिली गेली, तर दहा वर्षांनीही दरवाजा उघडतो. नाही लिहिली, तर उत्तम वकीलही हतबल होतो.

संघटनेचे आणि घराचे दायित्व

दत्तोपंत ठेंगडींनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. वर्धा जिल्ह्यातील आर्वीच्या या सुपुत्राने राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित ही त्रिसूत्री मांडली. या तिन्हींत विरोध नाही, हा त्यांचा आग्रह होता. जखमेची नोंद हे त्या त्रिसूत्रीचे सर्वांत साधे प्रात्यक्षिक आहे. नोंदीने श्रमिकाला हक्क मिळतो, उद्योगाला आपल्या यंत्रातील दोष कळतो आणि राष्ट्राला कसबी हात टिकवता येतात. वीस वर्षे स्फोटके हाताळलेला कामगार उद्याच्या जाहिरातीतून भरती करता येत नाही. त्याचे ज्ञान त्याच्या बोटांत असते.

म्हणून वरिष्ठांकडून अपेक्षा एवढीच, की फलकावरील अपघातविरहित दिवसांपेक्षा नोंदवहीतील खरेपणाचा त्यांनी अभिमान बाळगावा. किरकोळ दुखापती लिहिणारा विभाग निष्काळजी नसतो. तो जागा असतो. संघटनेकडून अपेक्षा, की मोर्चाच्या आधी तिने जखमीसोबत दवाखान्यात जाणारा एक माणूस प्रत्येक पाळीत नेमावा, आणि ठेकेदाराच्या मजुरालाही त्याने आपलाच मानावे. त्या मजुराची जात, पाडा, भाषा काही असो. कोरपना-जिवतीच्या डोंगरातून उतरलेला कोलाम तरुण आणि वसाहतीत राहणारा कायम कर्मचारी यांचे रक्त एकाच रंगाचे आहे. समरसता ही सभागृहात बोलण्याची गोष्ट नाही, ती रुग्णवाहिकेत बसण्याची गोष्ट आहे.

आणि घराकडून अपेक्षा? माता-भगिनींनी एक वही ठेवावी. कर्त्या माणसाच्या बदललेल्या विभागांची, तपासण्यांची, औषधांची, डोकेदुखीच्या वारांची नोंद त्या वहीत करावी. घरची वही सरकारी नोंदीची जागा घेत नाही. पण नोंद कधी मागायची, हे ती सांगते. तो रात्री कण्हत असेल आणि ‘काही नाही’ म्हणत असेल, तर ‘काही नाही’वर विश्वास ठेवू नये. पुरुषाने दुखणे गिळावे, हा संस्कार नव्हे. ती खोटी मर्दुमकी आहे. रणातील मावळ्यानेही आपली जखम राजासमोर उघडी केली होती, आणि राजाने ती पाहिली होती.

आज ज्या हत्यारांना हळद-कुंकू वाहिले, ती उद्या सकाळी पुन्हा हातात घेतली जातील. त्या वेळी प्रत्येकाने एक संकल्प करावा. आपली वा शेजाऱ्याची जखम लहान म्हणून झाकायची नाही; पाळी संपण्यापूर्वी ती नोंदवहीत लिहायची. एवढे झाले, तर विश्वकर्म्याची पूजा पूर्ण झाली असे म्हणता येईल.

भारत माता की जय!